अडखळत्या जिभेने शास्त्रपाठ वाचताना

माझा धंदा पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. १९८९ साली नगर जिल्ह्यातून वास्कोला आलो, तेव्हा वायंडिंगचं काम येतं एवढीच पुंजी होती. आणखी एक गोष्ट न बांधता बरोबर आली होती. मी तोतरा आहे. शंभरात साधारण एक मोठा माणूस असा असतो म्हणतात. आमच्या गल्लीत तो मी.

शनिवारी संध्याकाळी आम्ही वीस-बावीस मराठी ख्रिस्ती माणसं एकाच्या घरी प्रार्थनेला जमतो. कोणी बंदरात कामाला, कोणी मिरजेकडून नर्सिंग करून आलेली, दोन घरं सावंतवाडीची. तिथला शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, गेली अकरा वर्षं मी वाचतो. नवीन माणसाला पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं. नंतर तोच माणूस चहाचा कप घेऊन शेजारी येतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि हळूच विचारतो, "तुम्हाला हे जमलं कसं? माझं जरा वेगळं आहे..." मग कोणाची दारू निघते, कोणाची भीती, कोणाचं सहा वर्षांचं आजारपण. चहा संपेपर्यंत जेवढं सांगता येतं तेवढं मी सांगतो. तेच इथं सवडीने लिहितोय. मी पाळक, म्हणजे पाद्री, नाही. आणि लिहिताना अडखळत नसल्यामुळे जरा लांबण लागेल, ते सांभाळून घ्या.

आधी नाव घ्या

दुकानात गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, मोटारीत कायतरी बिघाड आहे. एवढ्यावर मला काही करता येत नाही. गरम होते? आवाज करते? शॉक मारते? की सुरूच होत नाही? हे विचारावं लागतं. प्रार्थनेत मी कित्येक वर्षं त्या गिऱ्हाइकासारखाच होतो. "प्रभू, माझ्या सर्व उणिवा तू जाणतोस." तो जाणतो हे खरंच, पण मला माझी उणीव तोंडातून काढायची नव्हती म्हणून हे भारदस्त वाक्य. एके दिवशी म्हणालो, "प्रभू, क आणि प वर माझी जीभ अडते, आणि लोक वाट बघत थांबले की मला त्यांचा राग येतो." त्या दिवशी माझी प्रार्थना सुरू झाली. जिभेपेक्षा राग मोठा निघाला. ते वाक्य बोलेपर्यंत मला त्याचा पत्ता नव्हता.

तेव्हा एकटे बसा आणि आवाज काढून एका वाक्यात सांगा. ज्या भाषेत भांडता त्या भाषेत सांगा. माझी बायको गोव्यातल्या साष्टीची, कॅथलिक. तिचं तेर्स, म्हणजे माळेची प्रार्थना, कोंकणीत, माझी प्रार्थना मराठीत, आणि भांडण ज्याचं त्याच्या भाषेत. पवित्र शास्त्रातली जड मराठी मला फार प्रिय आहे, पण तिच्याआड लपता येतं हेही मला ठाऊक आहे.

वास्कोजवळच्या सांकवाळला गेलात तर आरोग्यमातेच्या जुन्या चर्चचा दर्शनी भाग बघा. १८३४ च्या आगीत चर्च गेलं, समोरची भिंत तेवढी राहिली. खांब, कमानी, नक्षी सगळं जागच्या जागी, आणि पलीकडे आभाळ. दुकानात मी बरीच वर्षं तसाच उभा होतो. कमी बोलणारा, गंभीर, शहाणा माणूस असं माझं नाव होतं. शहाणा कसला, क ने सुरू होणारे शब्द टाळणारा! कपॅसिटर म्हणायला नको म्हणून मी "तो डबा" म्हणायचो. माझ्या हाताखाली शिकलेली दोन पोरं आता स्वतःची दुकानं चालवतात आणि अजून त्याला डबाच म्हणतात.

मग चाळून घ्या

नाव घेतलं की लगेच, प्रेषित पौल बायबलात आपल्या न गेलेल्या दुखण्याला म्हणतो तसं, "हा मला दिलेला काटा" असं म्हणायची घाई होते. थांबा. प्रत्येक दुखणं काटा नसतं, आणि इथं चूक झाली तर ती महागात पडते.

औषध असलेला आजार हा आजार आहे. साखर वाढली, झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं तर आधी डॉक्टरकडे जा. गोळ्या बंद करून कृपेवर राहतो म्हणणाऱ्या एका नातेवाइकाला आम्ही फार उशिरा दवाखान्यात नेलं. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

दुसऱ्याला इजा करणारी गोष्ट हे पाप आहे. बायकोवर हात उगारणं, कामगाराचा पगार दाबणं ही अशक्तपणाची उदाहरणं नव्हेत. तिथं पश्चात्ताप करायचा, माफी मागायची, पैसे परत द्यायचे. आणि जिला मार बसतो तिने "माझी कृपा तुला पुरे आहे" हे वचन उशाशी घेऊन तिथंच राहायचं नाही. तिने घराबाहेर पडावं आणि मंडळीने तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जावं. कृपा अशा वेळी दार उघडून देते.

हे सगळं बाजूला काढून, जमेल ते करून झाल्यावर जे उरतं, ते काटा. माझंच सांगतो. त्रेचाळिसाव्या वर्षी मी वाचा-उपचाराच्या बाईंकडे जाऊ लागलो. त्याआधी एका प्रवचनकाराने सभेत डोक्यावर हात ठेवून, विश्वास कमी पडतोय, मोठ्याने ओरड, असं सांगितलं होतं. मी ओरडलो. ओरडताना अडखळलो नाही, घरी येऊन "कांदा दे" म्हणताना अडखळलो. बाईंनी असलं काही केलं नाही. श्वास, हलकी सुरुवात, सावकाश बोलणं, आणि मुद्दाम अडखळून बघणं. हो, मुद्दाम! ज्याची भीती आहे ते स्वतः होऊन चारचौघांत करायचं, म्हणजे त्याचा धाक उतरतो. बोलायच्या आधीच "मी अडखळतो, जरा वेळ लागेल" असं सांगून टाकायलाही त्यांनीच शिकवलं. जवळजवळ निम्मं सुटलं. उरलेलं निम्मं साठीनंतरही आहे. तो माझा काटा.

तीनदा मागा, मग उत्तर ऐका

पौलाची गोष्ट करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आहे. देहात काटा, तो जावा म्हणून तीनदा केलेली विनवणी, आणि प्रभूचं उत्तर: "माझी कृपा तुला पुरे आहे." तो काटा कोणता हे पौल सांगत नाही. कोणी डोळ्यांचा विकार म्हणतं, कोणी ताप. ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता बाभळीचा काटा नाही, अणकुचीदार खुंटही होतो. त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायात लोकांचं बोलणं आहे: ह्याची पत्रं वजनदार, पण प्रत्यक्षात माणूस अशक्त आणि भाषण टाकाऊ. ते पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो होतो. पौलाचंही भाषण टाकाऊ!

अकराव्या अध्यायात तो बढाई मारायला घेतो. फटके, तुरुंग, तीन वेळा गलबत फुटणं अशी मोठी यादी देतो, आणि शेवटी काय सांगतो? दिमिष्क म्हणजे दमास्कस शहरातून आपण टोपलीत बसून खिडकीतून तटाखाली उतरलो आणि पळालो. बढाईच्या यादीच्या टोकाला पळून जाणं ठेवणारा माणूस मला फार जवळचा वाटतो.

तर, मागा. मागण्यात कमीपणा नाही, पौलाने मागितलं. पण मागून झाल्यावर तेच तेच मागत राहू नका. दुकानात एक बाई रोज फोन करून मोटार झाली का विचारायच्या. मी रोज सांगायचो, दुसरी मोटार दिली आहे, ती लावा. त्यांनी ती खोक्यातून काढलीसुद्धा नव्हती. पौलाला मिळालेलं उत्तर वर्तमानकाळात आहे. पुरे आहे. पुरे होईल असं नाही. काटा निघाल्यावर मग मी सेवा करीन, मग मी गाईन, मग मी माफ करीन, असं जे आपण मनात लांबणीवर टाकलेलं असतं, त्यातलं एक काम ह्याच आठवड्यात काट्यासकट करायला घ्या. लहानातलं लहान घ्या. मी आठ ओळींच्या स्तोत्रापासून सुरुवात केली.

माणसं समोरून उठवून शेजारी बसवा

आता मुद्द्याचं.

छताच्या पंख्याचा कपॅसिटर गेला की काय होतं ते गोव्यात सगळ्यांनी बघितलंय, मे महिन्यात तर हमखास. बटण दाबलं की नुसता हूं हूं करतो, फिरत नाही. करंट येतोय, वायंडिंग ठीक, बेअरिंग ठीक. पण सिंगल फेजच्या मोटारीला स्वतःहून पहिला फेरा घेता येत नाही. काठीने पात्याला जरा ढकललं की ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला ती फिरू लागते आणि मग फिरत राहते. (हे बघायला म्हणून करू नका. बटण बंद करा आणि डबा बदलून घ्या.)

माझं बोलणं तसंच आहे. शब्द माहीत असतो, वाक्य तयार असतं, पहिलं अक्षर फिरत नाही. एकटा असलो की अडखळत नाही. मांजराशी बोलताना नाही, देवाशी एकट्याने बोलताना नाही. माणूस समोर आला की अडतं. आणि गंमत अशी की तीच माणसं माझ्याबरोबर म्हणू लागली की पुन्हा सुटतं. उपासनेत सगळ्यांनी मिळून "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणताना मी आयुष्यात एकदाही अडखळलेलो नाही. बाईंना हे सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. तोतऱ्या माणसांचं हे जगभर माहीत आहे म्हणाल्या. दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवून बोललं, गायलं, तालात म्हटलं, की जीभ चालते. मला मात्र नवल वाटलं. लहानपणापासून दर रविवारी कृपा कानाशी येऊन बसत होती आणि मी ती दुसरीकडे शोधत होतो.

अकरा वर्षांपूर्वीचा तो शनिवार. वाचायची पाळी ज्याची होती तो आला नाही, पुस्तक माझ्या हातात आलं, आणि पाठ नेमका करिंथकरांचा बारावा अध्याय. त्या दिवशी माझी सासू आमच्याकडे आली होती, तिला आम्ही मांय म्हणतो. घरी एकटी कशाला बस म्हणून तिलाही नेलं होतं. मराठी तिला कळते, वाचता येत नाही. तिची प्रार्थनेची पुस्तकं रोमी लिपीतली. मी आठव्या ओवीपर्यंत कसाबसा आलो. नववीत "माझी" निघालं, आणि पुढे "क्". क्... क्... सगळ्यांनी माना खाली घातल्या. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. कानशिलावरून घाम उतरून पानावर पडला तो मी बघितला. पुस्तक मिटून बाहेर जावं असं ठरवलंच होतं.

समोरच्या खुर्चीवरून मांय म्हणाली, "कुर्पा." रोज संध्याकाळी तेर्सात त्रेपन्न वेळा "नमान मारिये, कुर्पेन भरलेले" म्हणणारी बाई ती. ख्रिस्ती माणूस "माझी" म्हणून कुठल्या शब्दावर अडेल हे तिला पुस्तक न बघता कळलं. "म्हण, पुता. कुर्पा." मी तिच्याबरोबर म्हटलं, "कुर्पा." आणि पुढचं धडधडत आलं, "तुला पुरे आहे. कारण अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते." ते वचन आमच्यात त्या दिवशी अर्धं कोंकणीत वाचलं गेलं. कोणीतरी हसलं, मीही हसलो. पुढच्या शनिवारी पाठ कोण वाचणार विचारलं तेव्हा मीच हात वर केला.

तेव्हापासून जो विचारेल त्याला मी हेच सांगतो: तुमच्या अशक्तपणाकडे समोर बसून बघणारी माणसं भरपूर असतात. त्यातलं एक माणूस उठवून शेजारी आणायचं. मोशेनेही आपली जीभ जड आहे म्हणून काकुळतीने सांगितलं होतं. देवाने त्याची जीभ हलकी केली असं निर्गमाच्या पुस्तकात कुठे नाही. त्याच्या वतीने बोलायला त्याचा भाऊ अहरोन दिला.

अहरोन निवडताना एकच बघा. तुमची फजिती त्याने आधी कधी दुसऱ्यांना रंगवून सांगितली आहे का? सांगितली असेल तर तो नको. आणि मागणं मोजकं ठेवा. "माझ्यासाठी प्रार्थना करा" हे मोटारीत कायतरी बिघाड आहे म्हणण्यासारखं. मी बंदरावरच्या एका पोराला म्हटलं, "शनिवारी माझ्या उजव्या हाताला बस. मी अडलो की तीन मोज, आणि पहिलं अक्षर माझ्याबरोबर म्हण." एवढंच. दारू सोडणाऱ्या एकाने माझ्याकडे मागितलं, "सात वाजता दुकान बंद करून माझ्याबरोबर घरापर्यंत चाला." आम्ही आठ महिने चाललो. वाटेत बहुतेक क्रिकेटवर बोललो. तो आता अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांना जातो. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली, आणि दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करणं हीच तिची पहिली पायरी. पौल त्यांना कळला आहे, असं मला वाटतं.

कॅथलिक असाल तर कुमसार, म्हणजे पाद्रीजवळ पापं कबूल करणं, आहेच. बायको म्हणते, तुम्ही प्रॉटेस्टंट लोक सगळं मनातल्या मनात देवाला सांगून मोकळे होता, कानाने ऐकणारा माणूस लागतो. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं लिहिलेलं आहे, त्यामुळे ह्या वादात मी हरतो.

रोजचं रोज

रानात इस्राएली लोकांसाठी मान्ना, म्हणजे स्वर्गातून येणारं अन्न, पडायचा तो त्या दिवसापुरता. उद्यासाठी ठेवला त्यात किडे पडले, शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशीचा तेवढा टिकला. कृपेचा हिशोब मला असाच दिसतो. शनिवारच्या पाठाची भीती बुधवारी वाटायला लागली की मी स्वतःला सांगतो, बुधवारची कृपा बुधवारच्या गिऱ्हाइकांसाठी आहे.

संध्याकाळी चर्चची घंटा झाली की दुकानात दोन मिनिटं हात थांबवतो. आज कुठं अडलो आणि तिथं कोण शेजारी होतं, एवढंच आठवायचं. उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर मी ते लिहितो. "पंप, दाबोळी. प वर अडलो. पोरगं थांबलं, हसलं नाही." वही चाळली की एक लक्षात येतं. अडणं तेवढंच आहे, शेजारची नावं वाढली आहेत.

सराव सोडू नका. कृपा मिळाली म्हणून पौलाने तंबू शिवायचं काम सोडलं नव्हतं. मी सकाळी ओव्या मोठ्याने म्हणतो, कारण ओवीचा ताल जिभेला धरून नेतो. गोव्यात मराठी ख्रिस्ती माणसाला ह्यासाठी लांब जावं लागत नाही. १५७९ मध्ये इथं आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. परक्या भाषेत, पन्नाशी उलटल्यावर, हजारो ओव्या. त्यांची जीभ सुरुवातीला किती अडखळली असेल ह्याचा मी अनेकदा विचार करतो.

मघाशी सांकवाळचा विषय निघाला होता, तर तिथलेच संत जोसेफ वाझ. बाणावलीत १६५१ साली जन्म, वडिलांचं घर सांकवाळचं. १६८७ मध्ये ते श्रीलंकेला पोचले ते मजुराच्या वेशात, कारण तिथल्या डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती. पोचताच हगवणीने आडवे झाले. पुढे गळ्यात माळ घालून दारोदार भीक मागत फिरले. माळ बघून कोणाचा चेहरा बदलतो त्यावरून आपली माणसं ओळखायची. २०१५ च्या जानेवारीत कोलंबोत त्यांना संतपद जाहीर झालं, तेव्हा बायकोने टीव्हीसमोर पेढे वाटले. मला त्यांच्या गोष्टीतली भीकच जास्त कामाची वाटते. धडधाकट धर्मगुरू म्हणून जे दार उघडलं नसतं, ते भिकारी म्हणून उघडलं.

दोन गोष्टी करू नका. स्वतःच्या काट्याचं प्रदर्शन मांडू नका. मध्यंतरी मला माझ्या तोतरेपणाची साक्ष सांगायला इकडून तिकडून बोलावणी येऊ लागली, आणि एकदा टाळ्या मिळाव्यात म्हणून मी गरजेपेक्षा जास्त अडखळलो. बायकोने ते ओळखलं. घरी येईपर्यंत ती गाडीत बोलली नाही. दुसरं, दुसऱ्याच्या काट्यावर "कृपा पुरे आहे" हे वचन चिकटवू नका. ते प्रभूने पौलाला सांगितलं, शेजाऱ्याने नव्हे. ज्याचं मूल आजारी आहे त्याच्या घरी डबा घेऊन जा, मुलाजवळ रात्रभर बसा. वचन त्याचं त्याला ऐकू येऊ दे.

आणि पाठ वाईट झाला तर? होतो. गेल्या महिन्यात "पनुएल" वर मी इतका अडलो की उजवीकडचं पोरगंही गोंधळलं. तिथं जुन्या करारातला याकोब देवाशी झुंजून लंगडत निघतो, आमचा पाठही लंगडत निघाला. अशा वेळी माफी मागत बसायचं नाही. संपवायचं, पाणी प्यायचं, शेजारच्याला "देव बरें करूं" म्हणून आभार मानायचे.

मांय आता चौऱ्याऐंशीची आहे. प्रार्थनेला येणं जमत नाही, कानानेही कमी ऐकू येतं. शनिवारी रात्री घरी गेलो की ती माळ हातात धरून पलंगावर बसलेली असते आणि मोठ्याने विचारते, "आयज खंय अडकलो, पुता?" मी तिच्या कानाशी जाऊन तो शब्द म्हणतो. ती तो एकदा माझ्याबरोबर म्हणते आणि पुढचा मणी ओढते.